भिंतीवरची जिजाबाई

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. नवा असतो तर बोललो नसतो. नव्या यंत्रांना बोलायला फुरसत नसते आणि सांगण्यासारखंही त्यांच्याकडे फारसं काही नसतं. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती सांगताना मला लाज वाटते. यंत्राला कसली आलीय लाज, असं तुम्ही म्हणाल. मीही पूर्वी असंच म्हणायचो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मला थर्माकोलच्या कुशीत निजवून, खोक्यात घालून, जहाजानं इकडे पाठवलं. पहिली नोकरी भाईंदर पूर्वेला एका बिल्डरच्या ऑफिसात लागली. तिथे मी भिंतीवर तरणतलाव दाखवायचो, बाग दाखवायचो, बागेत हसणारं गोरंपान कुटुंब दाखवायचो. प्रत्यक्ष जागेवर तेव्हा गुडघाभर चिखल असायचा. "देखिए अंकल, बाल्कनी से डायरेक्ट खाडी का व्ह्यू," असं सेल्सवाला म्हणाला की मी खाडी दाखवायचो. पुढे त्या खाडीसमोर त्याच बिल्डरची दुसरी इमारत उभी राहिली. तेव्हा मला लाज वगैरे वाटली नाही. म्हटलं, आपलं काम उजेड टाकायचं. खऱ्याखोट्याचं खातं दुसरीकडे असतं.

मग एका क्लासनं मला घेतलं. तिथे मी मुलांना पचनसंस्था दाखवायचो. मुलं जठराला पाहून हसायची, सर ओरडायचे आणि परीक्षेत सगळ्यांना तोच प्रश्न यायचा. ते माझे सुखाचे दिवस. पुढे भिंतीवर मोठा टीव्ही आला आणि मी कपाटात गेलो. क्लासच्या मालकांनी शेवटी मला भाईंदर पश्चिमेच्या एका वाचनालयाला देणगी म्हणून दिलं. देणगीचा फोटोही निघाला. त्यात मालक होते, वाचनालयाचे पदाधिकारी होते आणि माझं रिकामं खोकं होतं. मी आत टेबलावर होतो.

वाचनालयात मला सांभाळतात त्या ग्रंथपाल विमलाबाई. त्यांचा आवाज कधी चढत नाही. पुस्तक उशिरा आणणाऱ्याकडे त्या नुसत्या बघतात. तो माणूस पुढचं पुस्तक वेळेआधी आणतो, न वाचता का होईना. त्या माझ्यावरची धूळ आपल्या जुन्या रुमालानं पुसतात.

वाचनालयाच्या हॉलमध्ये एका साहित्य मंडळाचे कार्यक्रम होतात. मंडळाचे अध्यक्ष गोवर्धनकाका. राहायला भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमध्ये. निवृत्तीनंतर काही माणसं सकाळी फिरायला लागतात, काका कवितेला लागले. माणूस अतिशय प्रेमळ. कुणाला रिक्षा मिळत नसेल तर स्वतः उतरून आपली रिक्षा देतील. फक्त उतरता उतरता एक कविता ऐकवतील.

यंदा मंडळानं युद्ध आणि छायाचित्र या विषयावर कविसंमेलन घ्यायचं ठरवलं. जगात जिकडे तिकडे लढाया चालू होत्या आणि आपण गप्प बसलो तर बरं दिसणार नाही, असं मंडळाला वाटलं. दुःखी माणसाचा फोटो काढावा की आधी त्याला हात द्यावा, असा मोठा प्रश्न होता. रीतसर बैठक झाली. विषय गंभीर असल्यामुळे वडे नकोत, नुसती बिस्किटं ठेवावीत, असं एकमतानं ठरलं. प्रत्येक कवीनं युद्धाचा एक फोटो निवडायचा, तो मी भिंतीवर दाखवायचा आणि कवीनं त्यावर कविता वाचायची. बाकीच्यांनी दूरदेशीचे फोटो निवडले. गोवर्धनकाकांनी मात्र जवळचा निवडला. मुर्ध्याचा.

आता तो फोटो काय होता ते सांगतो.

मुर्धा हे आमच्या पलीकडचं खाडीकाठचं गाव. तिथल्या जिजाबाईंचा मुलगा लवू मालवाहू जहाजावर कामाला होता. ते जहाज युद्धाच्या समुद्रातून जात असताना त्याच्यावर हल्ला झाला. लवूचं त्या युद्धाशी काही देणंघेणं नव्हतं. जहाजात बहुतेक टाइल्स होत्या. काही माणसं वाचली, काहींचे मृतदेह मिळाले. लवूचं नाव यातही नव्हतं आणि त्यातही नव्हतं. ही बातमी ज्या दिवशी मुर्ध्याला आली, त्या दिवशी जिजाबाई उंबऱ्यात बसून रडल्या आणि कुलदीप नावाच्या बातमीदारानं तो फोटो काढला. फोटोला बक्षीस मिळालं. माझ्यासारखी यंत्रंही अशाच जहाजांतून येतात. मी खोक्यात होतो, त्यामुळे मला कोणी आणलं ते मी कधी पाहिलं नाही.

संमेलनाच्या संध्याकाळी विमलाबाई माझी वायर जोडत होत्या, तेव्हा एक बाई हळूच माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. काकांनी खास रिक्षा पाठवून त्यांना बोलावलं होतं. त्याच जिजाबाई.

"बाय, त्या अध्यक्षांना जरा हाक मार ना. मना एकच सांगाचं हाय."

"काय झालं ताई? मला सांगा," विमलाबाई म्हणाल्या.

"त्यांनी कविता टाकलीय मोबाईलवर. आमच्या मुर्ध्यान सगळ्यांनी ऐकली. कवितेत माजा लवू मेला."

विमलाबाईंनी हातातली वायर खाली ठेवली.

"मेला न्हाय तो," जिजाबाई म्हणाल्या. "कंपनी बोलते, शोध चालू हाय. पन काल शेजारच्या दोघीजनी पांढरी लुगडी नेसून बसाला आयल्या. माझी सून हाय ना, अनुष्का, तिला बोलल्या, पोरी, आता बांगड्या काढ. शिकलेल्या मानसानं लिवलंय, म्हंजे खबर पक्की असंल. ती पोर कालपासून हात पदरान लपवून बसलीय. बाय, बाकी काय पन वाचू दे त्यांना. शेवटचं तेवढं वाचू नको म्हनाव. त्यासाठीच आयली मी."

मित्रांनो, आमच्या मंडळात आजवर कवितेवर कुणी इतका विश्वास ठेवला नव्हता. कवितेत सूर्य काळा पडतो, नद्या उलट्या वाहतात आणि श्रोते बिस्कीट चहात बुडवत "वा" म्हणतात. मुर्ध्याच्या त्या दोन बायकांनी ऐकलं आणि खरं धरलं. शिकलेल्यानं लिहिलेलं खोटं नसतं, हा त्यांचा भाबडेपणा. काकांच्या आयुष्यातल्या पहिल्या खऱ्या वाचक त्याच.

विमलाबाई लगबगीनं काकांना घेऊन आल्या. काकांच्या हातात गुलाबाचं फूल होतं.

"अहो मावशी! आलात! धन्य वाटलं हो. बसा, पहिली खुर्ची तुमची."

"दादा, मना तुमाला..."

"अरे, मावशींना पाणी द्या कुणीतरी!"

"पानी नको. ती कविता..."

"तुमच्यावरच आहे मावशी ती! ऐका तर खरं. रडलो मी लिहिताना."

"सर, त्यांचं जरा ऐकून घ्या," विमलाबाई म्हणाल्या.

"कार्यक्रम झाल्यावर निवांत बोलू ना विमलाताई. प्रमुख पाहुणे आलेत, त्यांना घेऊन येतो."

प्रमुख पाहुणा म्हणजे फोटो काढणारा कुलदीप. काकांच्या कवितेत तो आरोपी होता आणि कार्यक्रमपत्रिकेत प्रमुख पाहुणा. मंडळात हे चालतं.

मग सत्कार सुरू झाले. आमच्या मंडळाचा अलिखित नियम असा, की हॉलमध्ये जो सापडेल त्याचा सत्कार करायचा. जिजाबाई माईकजवळ जायला उठल्या. त्यांना वाटलं असेल, आता बोलायला मिळेल. पण लोकांना वाटलं त्या सत्कारासाठीच उठल्या. त्यांच्या खांद्यावर शाल आली. एका हातात नारळ आला, दुसऱ्या हातात गुलाब. मंडळाच्या फेसबुक-पानासाठी मोबाईलवर फोटो काढणारा म्हणाला, "मावशी, इकडे बघा. नाही, नाही, हसू नका."

त्या हसत नव्हत्या. त्या "मना बोलाचं हाय" असं म्हणत होत्या. पण ओठ हलले की दुरून ते हसूच दिसतं.

मुलाचा पत्ता नसलेल्या आईला शाल आणि श्रीफळ. कशाबद्दल, ते कुणीच सांगितलं नाही. टाळ्या मात्र चांगल्या पडल्या. दोन्ही हात भरलेले आणि खांदा झाकलेला, अशा त्या परत पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

कविता सुरू झाल्या. पहिले होते शिवदास. त्यांच्या कवितेत कॅमेराच बोलत होता. "हे विश्वनियंत्या," असं तो म्हणत होता. मित्रांनो, माझा बऱ्याच कॅमेऱ्यांशी परिचय आहे. एकही असं बोलत नाही. मग आली हेमाली. ती कॉलेजात शिकवते. तिनं एवढंच वाचलं:

मी तो फोटो मोठा करून पाहिला,
मग आणखी मोठा.
त्या मुलीच्या डोळ्यात मला कॅमेरा दिसला,
कॅमेऱ्यामागे माणूस,
माणसामागे रांग.
रांगेत शेवटी मी होते
आणि माझ्यामागे कुणीतरी म्हणालं,
जरा बाजूला व्हा, दिसत नाही.

तिला टाळ्या पडल्या, पण त्या कविता लवकर संपली म्हणून. त्या रांगेत मी कुठे उभा आहे, असा विचार मात्र माझ्या मनात आला. कॅमेरा फोटो एकदाच काढतो. पुन्हा पुन्हा, भिंतभर करून, अंधार करून दाखवतो तो मी.

विचार पुरा व्हायच्या आत गोवर्धनकाका उभे राहिले. विमलाबाईंनी बटण दाबलं आणि माझ्यातून जिजाबाई निघाल्या. पूर्ण भिंतीवर. उंबऱ्यात बसलेल्या, पदर खांद्यावरून घसरलेला, तोंड उघडं, एक हात कपाळावर. त्यांच्या उघड्या तोंडात आमच्या भिंतीवरचं घड्याळ आलं होतं. पहिल्या रांगेतल्या जिजाबाईंनी एकदा वर पाहिलं आणि मान खाली घातली. मग त्या नारळाकडे बघत राहिल्या.

काका आवाज लावून वाचू लागले. खोटं कशाला बोलू, वाचतात चांगलं.

छायाचित्रकारा, सांग,
तुझा हात थरथरला नाही?
एक आई विझत होती
आणि तू उजेड मोजत होतास.

तू तिला पाणी दिलं नाहीस,
पदर सावरला नाहीस,
तू फक्त थोडा मागे सरकलास,
उंबरा पूर्ण यावा म्हणून.

कुलदीपनं मान खाली घातली. विमलाबाईंनी काकांना हातानं "पुरे, पुरे" अशी खूण केली. काकांना वाटलं त्या दाद देतायत. त्यांनी डोळे मिटून शेवटचं कडवं घेतलं.

आता समुद्र तिला रोज एक लाट परत देतो,
मुलगा देत नाही.
पुसल्या कुंकवाच्या उंबऱ्यावर
सून वेचते आहे
बांगड्यांच्या काचा.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मग झालं ते आमच्याकडेच होऊ शकतं. मागून आवाज आला, "वन्स मोअर!" दुसरा म्हणाला, "शेवटचं कडवं पुन्हा होऊ द्या!" विमलाबाईंनी तेवढ्यात चपळाईनं पुढचं चित्र आणलं होतं, त्यावर 'आभार' असं लिहिलं होतं. लोक ओरडले, "फोटो पण! फोटो पण पाहिजे!"

विमलाबाईंचं बोट बटणावर थांबलं. मी मनात म्हणालो, आता माझा दिवा उडावा. बिल्डरच्या ऑफिसात ऐन बुकिंगच्या वेळी तो उडाला होता, क्लासमध्ये लहान आतड्यावर उडाला होता. त्या दिवशी तो असा लखलखत होता की जणू कालच बसवलाय. शेवटी विमलाबाईंच्या बोटाखाली बटण दाबलं गेलं. इतकी माणसं एका आवाजात मागतात तेव्हा एका बोटाचं फार चालत नाही. आणि माझं तर मुळीच चालत नाही. रडणाऱ्या जिजाबाई पुन्हा भिंतीवर आल्या, पुन्हा रडायला.

"रसिकांची आज्ञा," असं म्हणून काकांनी नम्रपणे खोकून घसा साफ केला. "आता समुद्र तिला..."

जिजाबाई उठल्या. त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला, गुलाब नारळाच्या बाजूला ठेवला, शाल घडी करून दोन्हीवर ठेवली आणि त्या सरळ मंचाकडे निघाल्या. त्या माझ्या झोतात आल्या. माझ्यातून निघालेली रडणारी जिजाबाई न रडणाऱ्या जिजाबाईच्या पाठीवर पडली. कपाळावरचा हात त्यांच्या अंबाड्यावर, उघडं तोंड मानेखाली. त्या काकांच्या समोर जाऊन थांबल्या.

"दादा, माजा पोर मेला न्हाय."

मागच्या रांगेतून कुणीतरी "वा!" म्हणालं. सवय, दुसरं काय. नंतर त्याचं त्यालाच कळलं आणि तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. बराच वेळ वर आला नाही.

"मावशी, मी... म्हणजे ते कवितेत..."

"तुमी त्याला कनाला मारलात?"

माईक चालू होता. काकांचा श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता.

"मावशी, कवितेला... शेवट लागतो."

"शेवट पायजे व्हता?"

"हो."

"मना पन पायजे, दादा. कंपनी देत न्हाय, सरकार देत न्हाय. देवाला पन इचारला. तुमाला कुठं गावला?"

काकांनी हातातला कागद खाली केला. कुलदीप आपल्या मखमली खुर्चीतून उठला.

"आई, गलती मेरी है. फोटो निकालने से पहले पूछना चाहिए था."

"इचाराला पायजे व्हतं," जिजाबाई म्हणाल्या. "न इचारता काडलास, तो बरा न्हाय केलास. पन दादा, याच्यावर तुमी एवढं लिवलं ना? हा मंग माज्यासंगट कंपनीच्या हापिसान आला. तिथली इंग्लिस यालाच बोलाला लागली. आजून दर आठवड्याला फोन करतो. तुमी मुर्ध्याला कवा आलेलात?"

इंद्रलोकहून मुर्ध्याला यायचं तर रेल्वेचा पूल ओलांडायचा आणि एक रिक्षा धरायची. काकांची कविता मुर्ध्याच्या घराघरांत पोचली होती. काका पोचले नव्हते.

"आज घरी जाऊन शेवट बदलतो मावशी," काका घाईघाईनं म्हणाले. "तो परत येतो, असं लिहितो. बोट किनाऱ्याला लागते आणि..."

"तसं पन नको!" पहिल्यांदाच जिजाबाईंचा आवाज चिरकला. "मंग परत सगळी बघाला येतील. लवू दाखव, बोलतील. कुठून दाखवू? येल तवा लिवा. तवर गप बसा ना जरा."

विमलाबाई उठल्या आणि त्यांनी माझ्या तोंडासमोर आपला तळहात धरला. झाकण शोधायला वेळ नव्हता. भिंत काळी झाली. त्यांचा हात भाजला असणार, कारण माझा झोत जवळून फार तापतो. पण त्यांनी तो काढला नाही. कुणीतरी हॉलचे दिवे लावेपर्यंत तसाच धरला.

त्या संध्याकाळी बिस्किटं कुणी खाल्ली नाहीत. आभारप्रदर्शन झालं नाही. मंडळाच्या इतिहासात प्रथमच.

पुढे काय झालं ते मी विमलाबाई आणि कुलदीपच्या बोलण्यातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी काकांनी मोबाईलवरची कविता काढून टाकली. पण ऐकलेली कविता कानातून कशी काढणार? म्हणून ते मुर्ध्याला गेले आणि जिजाबाईंच्या आळीत घरोघर फिरले. "माझ्या कवितेत लिहिलंय ते खरं नाही, लवूची अजून खबर नाही," असं प्रत्येक दारात सांगत. पांढऱ्या लुगड्यातल्या त्या दोघींपैकी एकीनं विचारलं, "खरा न्हाय तं मंग लिवलास कनाला रं?" या प्रश्नावर काकांनी मंडळात तीन चर्चासत्रं घेतली होती. त्या दारात त्यांना एकाही चर्चासत्राचा उपयोग झाला नाही. ते म्हणाले, "चुकलं." म्हातारी म्हणाली, "ऊन हाय, पानी पी आन जा."

मंडळाच्या दिवाळी अंकात ती कविता आधीच छापायला गेली होती. काकांनी फोन करून शेवटचं कडवं आणि फोटो गाळायला लावला. वाचकांचे फोन आले, पान छापताना काही राहिलंय का? काका सांगत, हो, राहिलंय. अजून कळायचंय.

मी पुन्हा कपाटावर गेलो. बाहेरून सगळं पहिल्यासारखं होतं. आत नव्हतं. माझ्यासमोर भिंत आली की मला घड्याळाभोवती ते उघडं तोंड दिसायचं. मुलांना आकाशगंगा दाखवायला मला काढलं, तर मला तिच्यातही तो उंबरा दिसला. मला पाय असते तर मीही मुर्ध्याला गेलो असतो. पण जाऊन काय सांगणार होतो? काका निदान "चुकलं" म्हणू शकले. मी नुसता उजेड पाडू शकतो आणि उजेडानंच तर घोटाळा केला होता.

दिवाळीनंतर एका दुपारी जिजाबाई स्वतःहून वाचनालयात आल्या. बरोबर अनुष्का. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि हात पदराबाहेर होते.

"बाय," जिजाबाई म्हणाल्या, "तो फोटो हाय का आजून?"

विमलाबाई गोंधळल्या. "आहे... म्हणजे कुणाला दाखवत नाही. काढून टाकू का आत्ता?"

"काडू नको. दाखव. माजाच फोटो, सगळ्यांनी बगितला, मीच धड बगितला न्हाय. त्या दिवशी मान वर झालीच न्हाय."

हॉलमध्ये कुणी नव्हतं. विमलाबाईंनी मला खाली उतरवलं, पुसलं आणि पडदे ओढू लागल्या. "राहू दे गं, एवढा काळोख नको," जिजाबाई म्हणाल्या. त्यामुळे चित्र फिकं आलं. उन्हात वाळत घातल्यासारखं. दोघी खुर्च्या पुढे ओढून बसल्या. मी धडधडत होतो. आतला पंखा, तुम्ही म्हणाल. म्हणा.

जिजाबाई चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागल्या.

"पदर बग कसा झालाय," त्या म्हणाल्या. "आन तो कुलदीप बोलतो कसा, बक्षीस मिळाला. असल्या ध्यानाला?"

"आई!" अनुष्का म्हणाली.

"काय आई? खरा तोच बोलते." मग त्या पुढे वाकल्या. उठून भिंतीजवळ गेल्या आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "अगो! अनुष्का, हिकडं बग. मेली मांजर!"

अनुष्का धावली. विमलाबाई धावल्या. फोटोच्या कोपऱ्यात, ओटीवरच्या टोपलीपाशी, एक मांजर सटकताना दिसत होती. तिच्या तोंडात बोंबील होता.

"तरी मी बोलते, त्या दिवशी टोपलीतले बोंबील गेले कुठं! तू बोललीस मोजण्यात चुकलं. हीच ती! मी रडते आन ही बग कशी चालली डुलत!"

अनुष्का तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. तिच्या बांगड्या वाजल्या. जिजाबाई हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा मांजरीकडे बघून हसल्या. "लवूची लाडकी मांजर," त्या विमलाबाईंना म्हणाल्या. "त्यानंच चढवून ठेवलीय."

आणि मी? मित्रांनो, त्या क्षणी मला जेवढी लाज वाटली तेवढी संमेलनातही वाटली नव्हती. हा फोटो बक्षीस देणाऱ्यांनी पाहिला होता. काकांनी समोर ठेवून कविता लिहिली होती. हॉलभर रसिकांनी दोनदा मागून घेतला होता. आणि मी तर तो भिंतीएवढा केला होता. मांजर माझ्याच उजेडात चालली होती. आम्हा कुणालाही ती दिसली नाही. आम्हाला त्या घरातलं फक्त रडणं हवं होतं. घर नको होतं.

"आता काढून टाकू?" विमलाबाईंनी विचारलं.

जिजाबाईंनी विचार केला. "नको. ठेव. कोणाला दाखवू नको. लवू आला का त्याला दाखवाचा. बोलीन, बग तुज्या मांजरीचे धंदे. मंग टाक काढून."

"आले की घेऊन या," विमलाबाई म्हणाल्या.

"येल तवा आनीन," जिजाबाई म्हणाल्या आणि सुनेला घेऊन गेल्या.

अजून लवूची खबर नाही. कुलदीप फोन करतोय.

मित्रांनो, आता माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. रडणारं माणूस दिसलं की तुमचेही मोबाईल वर जातात, ते मी पाहिलंय. वर नेण्याआधी त्याला विचारा. विचारायचा धीर झाला नाही, तर समजा की उत्तर मिळालं. त्याच्यावर कविता सुचली तर तीही जरूर लिहा, फक्त त्याच्या आयुष्याचा शेवट तुम्ही लावू नका. आणि फोटो काढलाच, तर कोपरेही बघा.

दुसरं मागणं माझ्यापुरतं. माझ्या जातीचा दिवा आता बाजारात मिळत नाही. जो आहे तो पिवळा पडू लागलाय. विमलाबाईंनी माझ्यावर चिठ्ठी लावलीय, 'विचारल्याशिवाय लावू नये'. तरी कुणी ना कुणी येतं. वाढदिवसाला द्या म्हणतं, मॅचला द्या म्हणतं, मंडळाच्या स्नेहसंमेलनाला तरी द्या म्हणतं. कृपा करून मला नेऊ नका. मला आता फार काही दाखवायचं उरलेलं नाही. एका माणसाला एक मांजर दाखवायची आहे, तेवढा उजेड राहू द्या.